मधल्या दारातला स्पीकर

शेजाऱ्याच्या घरातून येणारा वास आणि आवाज फुकट असतो, तेव्हा तो गोड मानून घ्यावा, असं सज्जन माणसं म्हणतात. रघुवीर बांबर्डेकर सज्जन होते, पण एवढं मात्र त्यांना जमत नव्हतं. ठाकूरद्वारच्या रामफळवाडीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आणि गंगाधर सुखटणकरांची खोली यांच्यामध्ये एक लाकडी दार होतं. कोणे एके काळी दोन्ही खोल्यांत एकच बिऱ्हाड होतं. पुढे घरमालकानं त्या दाराला खिळे ठोकले आणि एका भाडेकरूचे दोन केले. दार बंद झालं, पण फटी राहिल्या. त्या फटींतून दर रविवारी संध्याकाळी आधी भाजलेल्या पापलेटाचा वास यायचा आणि पाठोपाठ रेडिओवरचं नाट्यसंगीत.

पापलेटाबद्दल आधी सांगायला हवं. सुखटणकरांचा एक मित्र होता, खोताच्या वाडीतला पास्कू. त्यानं त्यांना रॉकेलचा डबा उभा कापून, आत कोळसे पेटवून, वर जाळी टाकून मासे भाजायला शिकवलं होतं. याला विलायतेत बार्बेक्यू म्हणतात, असं सुखटणकर गॅलरीत उभे राहून सर्वांना सांगत. वास्तविक निखाऱ्यावर बांगडा भाजणं कोकणातल्या कुठल्याही माणसाला आईच्या पोटातून येतं. पण सुखटणकर ते पायजम्यावर हॅट घालून करत, त्यामुळे मजल्यावरची माणसं ते बघायला जमत. मासे भाजले जाईपर्यंत ललितावहिनी रेडिओग्राम लावत. सुखटणकरांच्या बोटीवरच्या मेव्हण्यानं तो आणून दिला होता. रेडिओ आणि ग्रामोफोन एकाच पेटीत असलेलं शिसवी लाकडाचं ते ऐसपैस धूड होतं, आणि त्यावर विणलेला रुमाल होता, रुमालावर पितळेचा मोर.

हेही रघुवीररावांनी सोसलं असतं. सरकारी कचेरीत चौदा वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्याची बढती बघायची सवय असते. पण एका रविवारी ते सहज म्हणून सुखटणकरांच्या दारावरून गेले. सहज म्हणजे चौथ्यांदा. आत बायका सतरंजीवर बसल्या होत्या, आणि कडेला भिंतीला टेकून त्यांची स्वतःची बायको नलू डोळे मिटून गाणं ऐकत होती. चेहरा असा शांत, असा भरलेला, की रघुवीररावांना आपण चुकून परक्या बाईकडे बघतोय असं वाटलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तो चेहरा त्यांनी घरात कधी पाहिला नव्हता. लग्नाच्या फोटोतही नव्हता. आणि तो उमटला कुठे, तर गंगाधर सुखटणकराच्या घरी!

त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण ताक मागितलं नाही.

"काय हो, बरं नाही का?" नलूनं विचारलं.

"आपलाही रेडिओ आहे," रघुवीरराव म्हणाले.

"आहे की. बातम्या छान लागतात त्याच्यावर."

हे उत्तर त्यांच्या काळजात रुतलं. नलूचे डोळे याच घरात, याच रेडिओपुढे मिटायला लावीन तरच नावाचा बांबर्डेकर, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

फोर्टात जुन्या पुस्तकांच्या एका पथारीवर त्यांना एक विलायती मासिक मिळालं. ते वाचून त्यांचे डोळे उघडले. एकाच स्पीकरकडून जाड आणि बारीक असे दोन्ही आवाज काढून घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं त्यात म्हटलं होतं. मोठा स्पीकर जाड आवाजासाठी ठेवावा, छोटा बारीक आवाजासाठी, आणि मध्ये क्रॉसओव्हर नावाची जोडणी करावी. तांब्याच्या तारेचं वेटोळं जाड आवाज मोठ्याकडे पाठवतं, कंडेन्सर बारीक आवाज छोट्याकडे. असा रेडिओ ऐकल्यावर रेडिओग्राम हे केवळ फर्निचर वाटेल, असं मासिकात लिहिलेलं नव्हतं. पण रघुवीररावांनी ते वाचलं.

लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार यांच्यामध्ये महिनाभर चपला झिजवून त्यांनी दोन स्पीकर, तार आणि कंडेन्सर जमवले. आता वाडीत एखाद्यानं घरी तार आणली, तर ती कशाला आणली हे त्याच्याआधी वाडीला कळतं. खालच्या मजल्यावरच्या जाईबाई, वाडीतल्या सर्वांत जुन्या भाडेकरू, जिना चढून वर आल्या.

"जाड आवाज इकडे न् बारीक आवाज तिकडे?" त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पुरुषांची पंगत वेगळी, बायकांची वेगळी. मग वाढणारा कोण?"

"क्रॉसओव्हर," रघुवीरराव म्हणाले.

"वाढपी चांगला बघ हो. नाहीतर एका पंगतीला सगळं श्रीखंड न् दुसरीला नुसत्या पुऱ्या."

रघुवीरराव हसले. अडाणी बाई, असंही त्यांना वाटलं. पुढे काय झालं ते बघता त्यांनी हा सल्ला लिहून ठेवायला हवा होता.

वेटोळं कशावर गुंडाळावं हा पहिला प्रश्न आला. मासिकात लाकडी गोल दांडा सांगितला होता, आणि घरात लाकडी गोल दांडा एकच असतो. नलू हळदीकुंकवाला गेली असताना रघुवीररावांनी तिच्या लाटण्याच्या मधोमध तार गुंडाळली. अगदी शेजारी शेजारी, वेढ्याला वेढा घट्ट लावून. मग वेटोळं काढायला गेले, तर ते निघेना. लाटणं मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं असतं, हे पोळ्या खाणाऱ्या माणसाच्या कधी लक्षात येत नाही. एका बाजूनं ओढावं तर पोट आडवं येई, दुसऱ्या बाजूनं ओढावं तरी पोटच. शेवटी लाकडानं आवाजाचं काही बिघडत नाही, असा शास्त्रीय निष्कर्ष काढून त्यांनी ते लाटण्यासकट क्रॉसओव्हरमध्ये घ्यायचं ठरवलं. त्या संध्याकाळी नलू ललितावहिनींकडून लाटणं उसनं घेऊन आली. रेडिओग्रामवाल्यांच्या लाटण्यानं लाटलेल्या पोळ्या रघुवीररावांच्या घशाखाली उतरेनात.

दुसरा प्रश्न वाळवण्याचा. वेटोळं लाखेच्या पॉलिशमध्ये बुडवून मंद आचेवर वाळवावं लागतं, नाहीतर तार सैल होते. घरातल्या स्टोव्हची आच मंद म्हणून कुणी ओळखत नव्हतं. मंद, सारखी, लांबवर पसरलेली आच सगळ्या वाडीत एकाच ठिकाणी होती. अपमान गिळून रघुवीरराव रविवारी सुखटणकरांच्या डब्याजवळ जाऊन उभे राहिले. हातात दोरीला टांगलेलं लाटणं.

"या या, बांबर्डेकर!" सुखटणकर हॅट मागे सारत म्हणाले. "हे काय, लाटण्याचा कबाब?"

"कॉइल आहे. जरा कडेला टांगू का?"

"टांगा की. आपलीच शेगडी समजा."

या 'आपलीच' शब्दात जे औदार्य होतं त्यानं रघुवीरराव आतून भाजून निघाले. वेटोळं निखाऱ्यांच्या कडेला तासभर लोंबकळलं आणि त्यातलं थोडं पॉलिश वाफ होऊन माशांकडे गेलं. आता सुखटणकराची फजिती होणार, या आशेनं रघुवीरराव बशी हातात घेऊन पहिल्यांदाच शेवटपर्यंत थांबले. जाईबाईंनी पहिला घास घेतला.

"गंगाधर, आज माशाला जुन्या कपाटाचा वास येतोय रे," त्या म्हणाल्या. रघुवीररावांचं तोंड उजळलं. "पण काय चव लागतेय! कसला मसाला हा?"

"पास्कूच्या आईचा," सुखटणकर विनयानं म्हणाले. "बाटलीतला. कुणाला देत नाहीत ती माणसं."

सगळ्यांनी पुन्हा पापलेट मागितलं. नलूनंही मागितलं.

ते दिवस मराठी-गुजराती जोडलेल्या द्विभाषिक राज्याविरुद्धच्या, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आज मोर्चा, उद्या सभा, परवा हरताळ. अशा दिवसांत 'बांबर्डेकर घरात लाउडस्पीकर बनवतोय' हे वाक्य जिना उतरून रस्त्यावर गेलं, की ते रस्त्यासारखंच वागणार. एका संध्याकाळी लालबागचा बुधाजी दारात उभा राहिला. गिरणीतला जॉबर म्हणजे मुकादम, छातीवर बिल्ला, आणि बोलणं सभेत बोलावं तसंच.

"सायेब, तुमचो कर्णो होयो. परवा नाक्यार सभा आसा."

रघुवीररावांनी आधी दार लोटून घेतलं. मनातून ते चळवळीचेच होते. अंघोळ करताना ते घोषणाही देत, फक्त नळ मोठा सोडून. पण सरकारी नोकराचा स्पीकर नाक्यावरच्या सभेत बोलू लागला, तर उद्या नोकरी कुणाच्या स्पीकरवर शोधायची? त्यांनी घाईघाईनं बुधाजीला सगळं उलगडून सांगितलं. हा घरात ऐकायचा आहे, याच्यात दोन आवाज वेगळे केलेले आहेत, ही तार अशी, तो कंडेन्सर तसा.

बुधाजीनं लाटण्याकडे बराच वेळ बघितलं. "म्हणजे एका पेटयेत दोगांका कोंबून ठेवलास. ह्यां द्विभाषिकच झालां मा! टिकाचा नाय सायेब ह्यां. आमका एकच आवाज होयो, पन मोठो." आणि तो तुसड्या चेहऱ्यानं निघून गेला.

बुधाजी घरातून निघाला हे पाहणाऱ्यांत पोलीसही असावेत, कारण दुसऱ्याच दिवशी एक हवालदार आला. लाउडस्पीकरचा परवाना दाखवा म्हणाला. रघुवीररावांनी रेडिओचा परवाना दाखवला.

"हा रेडिओचा झाला. लाउडस्पीकरचा?"

"तो अजून वाजत नाही."

"मग तार गुंडाळलेलं हे काय आहे?"

"लाटणं," आतून नलू म्हणाली. "माझं होतं."

हवालदारानं ते हातात घेऊन उलटसुलट केलं. लाटण्याला परवाना लागतो असं कुठल्याच कलमात त्याला आठवेना. "घरातच ठेवा," असा दम देऊन तो चहा पिऊन गेला. कचेरीत ही बातमी आपल्याआधी पोचणार, या धास्तीनं रघुवीररावांनी दोन दिवस किरकोळ रजा घेतली. रजेत करायचं काय, म्हणून त्यांनी मुख्य काम हाती घेतलं.

मुख्य काम म्हणजे मोठा स्पीकर कशात बसवायचा. मासिकात एक युक्ती होती: पेटी न करता स्पीकर सरळ कपाटाच्या दाराला भोक पाडून बसवावा. तोंड खोलीकडे, पाठ कपाटाकडे. खुद्द कपाट हीच पेटी होते आणि आवाज गंभीर निघतो. बांबर्डेकरांच्या घरात कपाट नव्हतं, पण दार होतं. ते मधलं, खिळे ठोकलेलं. आणि त्या दाराच्या पलीकडे, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, सुखटणकरांचं कपाट उभं होतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. दार आपलं, कपाट त्यांचं, पण शास्त्राला त्याचं काय? शत्रूचं कपाट आपल्या रेडिओची सेवा करणार, ही कल्पना त्यांना इतकी गोड वाटली की तिच्यातलं भोक त्यांना दिसलं नाही.

दारातलं भोक पाडायला मात्र घरमालकाच्या मेहताजींना विचारणं भाग होतं. मेहताजी म्हणाले, भोक म्हणजे बांधकामात फेरफार, शेटजींची लेखी परवानगी लागेल. शेटजी द्वारकेला गेले आहेत. कधी येतील? द्वारका आवडली तर उशीर होईल. तेव्हा सुखटणकर मंडळी दादरला बारशाला गेल्याची संधी साधून, रघुवीररावांनी परवानगीशिवायच करवत चालवली. दोन्ही स्पीकर बसले, लाटणं दाराच्या कडीला बांधलं गेलं, तारा रेडिओच्या पाठीत गेल्या. वरून नलूच्या जुन्या पातळाचा पडदा लागला.

पहिला रविवार आला. रघुवीररावांनी नलूला खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर स्टुलावर बसले आणि रेडिओ लावला. मोठ्या स्पीकरचं ठीक होतं. पण छोटा स्पीकर, ज्याच्यावर त्यांचा सगळा भरवसा होता, तो गाण्यातला प्रत्येक 'स' कढईत मोहरी टाकल्यासारखा बाहेर काढत होता. वाढप्याचं कुठंतरी चुकलं होतं. रघुवीरराव नलूच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. डोळे मिटतायत का? पापणी हलली का?

"कसं वाटतंय?"

"छान आहे हं."

"तान कशी स्वच्छ येते, नाही?"

"हो."

"हा बघ, हा तबला. जाड आवाज. हा मोठ्यातून आला."

"हो हो." नलूनं पदर सावरला. "मी जरा शेजारी जाऊन येते. ललितावहिनींचं लाटणं द्यायचंय."

लाटणं घेऊन गेलेली बायको गाणं संपल्यावर परतली.

पुढच्या आठवड्यात वाडीत नवीनच बोलवा उठली. सुखटणकरांचा रेडिओग्राम एकाएकी सुधारला! काय भरून वाजतो आता! तबला कसा पोटात घुमतो! सुखटणकर सांगत, की आत शिवणयंत्राचं तेल सोडलं, बस्स. तिसऱ्या मजल्यावरची माणसंही आता रविवारी खाली उतरू लागली. जाईबाईंनी तर घरून पाट आणून जागा धरायला सुरुवात केली. रघुवीरराव एकटे आपल्या खोलीत मोहरी ऐकत बसायचे आणि फटीतून येणारी 'वाहवा' त्यांच्या कानात कढत तेल ओतल्यासारखी उतरायची.

एका रविवारी त्यांचा तोल गेला. गाणं रंगात आलं असताना त्यांनी रागानं स्वतःच्या रेडिओचा कान पिरगळला आणि तो बंद केला.

त्याच क्षणी पलीकडून 'अरेरे' असा सामुदायिक उद्गार आला.

"काय झालं हो? दमच गेला आवाजातला!" जाईबाईंचा स्वर.

रघुवीरराव थबकले. त्यांनी रेडिओ पुन्हा लावला.

"आला, आला!" पलीकडे आनंदीआनंद झाला.

त्यांनी पुन्हा बंद केला. पलीकडचा रेडिओग्राम चालूच होता, पण केविलवाणा, पत्र्याच्या डब्यात कुणी गातंय असा. पुन्हा लावला. पुन्हा भरला. आणि रघुवीररावांना सगळं कळलं. स्पीकरला जेवढं तोंड असतं, तेवढीच पाठही असते. दोन्हीकडे एकच स्टेशन लागलेलं. त्यांच्या मोठ्या स्पीकरचा जाड, गोड, गंभीर आवाज मधल्या दारातून निम्मा सुखटणकरांच्या घरात जात होता आणि तिथल्या रेडिओग्रामच्या आवाजाला जाऊन मिळत होता. तिकडे श्रीखंड होतं. मोहरी सगळी इकडे, कारण छोट्या स्पीकरची पाठ बंद होती.

इतक्या आठवड्यांची धडपड, एक लाटणं, दोन रजा आणि एक हवालदार, एवढं सगळं त्यांनी गंगाधर सुखटणकराची कीर्ती वाढवण्यासाठी खर्च केलं होतं.

आता सूड घ्यायला हरकत नव्हती. पुढच्याच रविवारी सुखटणकरांनी आपल्या साहेबांना सहकुटुंब बोलावलं होतं. गॅलरीत कोंबडी भाजली जात होती आणि आत रेडिओग्रामचा डंका होणार होता. रघुवीररावांनी बेत आखला: साहेब सतरंजीवर स्थिर झाले, गाणं ऐन रंगात आलं, की बटण बंद. मग लागेल तेव्हा चालू, वाटेल तेव्हा बंद. साहेबांच्या देखत सुखटणकर शिवणयंत्राचं तेल ओतत बसला पाहिजे.

संध्याकाळ झाली. गाणं सुरू झालं. रघुवीररावांनी बटणावर बोटं ठेवली आणि नेम साधण्यासाठी दाराच्या फटीला डोळा लावला. साहेब दिसले. साहेबांची बायको दिसली. हॅट घातलेले सुखटणकर दिसले, फुग्यासारखे फुगलेले. आणि त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेली नलू दिसली.

तोच चेहरा, शांत आणि भरलेला.

रघुवीररावांची बोटं बटणावर तशीच राहिली. तबला घुमत होता. तो त्यांच्याच तारेतून, त्यांच्याच लाटण्यावरून जात होता, आणि त्या तबल्यावर नलूचं बोट गुडघ्यावर हळूच आपटत होतं. आत्ता बटण फिरवलं तर सुखटणकराचं नाक कापलं जाईल, हे खरं. पण ते डोळेही उघडतील. असं दोन्हीकडून ओढल्यासारखं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी बटण फिरवलं नाही. उलट आवाज किंचित वाढवला आणि मोहरीच्या तडतडाटात ते एकटे शेवटच्या गाण्यापर्यंत उभे राहिले. साहेबांची 'वाहवा' त्यांना स्पष्ट ऐकू आली. ती दुखलीही.

नलू परतली तेव्हा तिच्या हातात कोंबडीची बशी होती.

"दुसऱ्या गाण्याला जरा वाढवलात ना?" बशी खाली ठेवत ती म्हणाली. "बरं केलंत. साहेबांच्या मुलांची कटकट चालली होती."

रघुवीररावांनी पडद्याकडे पाहिलं. "तुला... माहीत होतं?"

"घर झाडते कोण? पडद्यामागे एवढं भोक आहे, त्यात तो स्पीकर, पलीकडे ललितावहिनींचं कपाट. तुम्हाला रेडिओ लावायला उशीर होतो त्या रविवारी त्यांचा रेडिओग्राम कसा मरगळलेला असतो!"

"आणि तरी तू तिकडे जाऊन बसतेस? माझाच आवाज ऐकायला? त्याच्या घरात?"

नलूनं बशी त्यांच्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "रागावू नका. इथं तुम्ही समोर स्टूल टाकून माझ्या तोंडाकडे बघत बसता. आवडलं का, कळलं का, तबला आला का. माणसानं ऐकायचं केव्हा? सगळा वेळ तुम्हाला आवडल्याचं दाखवण्यात जातो. तिकडे माझ्याकडे कुणी बघत नाही."

रघुवीररावांनी कोंबडीचा तुकडा तोंडात टाकला. कोंबडी फार चांगली झाली होती आणि तेही त्यांना सहन होईना.

"आणि हे सुखटणकरांना सांगू नका," नलू म्हणाली. "ललितावहिनी इतक्या खूश आहेत. शिवाय ते भोक."

पुढच्या रविवारी रघुवीररावांनी छोट्या स्पीकरची तार काढून टाकली. छोटा गेला म्हटल्यावर क्रॉसओव्हरलाही काही अर्थ राहिला नाही. तोही सोडवून त्यांनी माळ्यावर टाकला. पडद्यामागचा मोठा स्पीकर तेवढा थेट रेडिओला जोडलेला राहिला. मग त्यांनी रेडिओ लावला, स्टूल उचललं, खिडकीपाशी नेलं आणि खोलीकडे पाठ करून समोरच्या वाडीच्या भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीवर फाटलेली पत्रकं होती आणि एक कावळा होता. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

गाणं भरत गेलं. बघावं का? मिटले असतील का डोळे? रघुवीररावांची मान दोनदा वळायला निघाली, दोनदा त्यांनी ती आवरली. इतका कठीण रविवार त्यांच्या आयुष्यात आला नव्हता.

पलीकडून जाईबाई म्हणाल्या, "गंगाधर, तुझ्या यंत्राला तोड नाही हो!" सगळ्या मजल्यानं माना डोलावल्या असाव्यात. रघुवीररावांनी दात आवळले आणि कावळ्याकडे रोखून पाहिलं.

"ऐकलंत ना," मागून नलू हळूच म्हणाली, "तुम्हालाच म्हणतायत."

त्यांनी वळून पाहिलं नाही.